घोसाळ्याच्या मुळांची साक्ष

मी घोसाळ्याचा वेल बोलतोय. हो, घोसाळ्याचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला सवय आहे. गुलाबावर लोक काय काय लिहितात, मोगऱ्यावर लिहितात. आम्ही फक्त भज्यांच्या वेळी आठवतो. पण आज मला बोलायचंच आहे. एकतर माझ्याकडे वेळ कमी आहे, आणि दुसरं म्हणजे जे झालंय ते पोटात ठेवून मी वाळणार नाही.

सध्या मी एका बादलीत आहे. सदाशिव पेठेतल्या एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर, आत्याच्या स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचं फडकं. पानं मान टाकून बादलीच्या काठावर पडलीत आणि मुळं पाण्यात. उघडी. मातीचा कणसुद्धा नाही अंगावर. झाडाला मुळं उघडी पडणं म्हणजे काय वाटतं हे तुम्हाला कसं सांगू? समजा भर लक्ष्मी रोडवर, दिवाळीच्या गर्दीत, तुमच्या अंगावर... जाऊ दे. कळलं ना.

आता पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म खरं तर अपघातानेच झाला. आत्या मंडईत गेली होती आणि तिने अंग घासायला एक वाळकं घोसाळं आणलं. ते वाळलं की आत जाळी होते, माहितीय ना? ते अभयच्या हातात आलं, त्याने खुळखुळ्यासारखं हलवलं आणि त्यातून मी आणि माझी भावंडं ओट्यावर सांडलो.

"आत्या, यात बिया आहेत. लावू का एखादी?"

"लाव. पण पाणी तू घालायचं. तुझं लग्नही मी लावायचं आणि संसारही मीच करायचा, असं नको."

बाकीची भावंडं केराच्या डब्यात गेली. मला मात्र अभयने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लावलं. म्हणजे बघा, एवढ्या सगळ्यांतून त्याने मला उचललं. हे मी विसरलो नव्हतो. अजूनही नाही विसरलेलो, तोच तर प्रॉब्लेम आहे.

अभय मूळचा लातूरचा. हिंजवडीच्या एका कंपनीत लागला आणि आत्याकडे राहायला आला. सध्या अर्धं पुणं सकाळी हिंजवडीकडे पळतं, त्यातलाच एक. त्याचं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका दिवसभर शोधायच्या आणि बोंब मारायची. बारीकातली बारीक चूक सापडते म्हणे त्याला. कंपनीची गाडी यायच्या आधी तो रोज गच्चीवर धावत यायचा, एका हातात टोस्ट, आणि मला विचारायचा, "काय रे, उठलास का?" मी उठलेलाच असायचो. पहिली दोन पानं उघडली तेव्हा त्याने मला टोस्टचा चुरा दाखवून "पार्टी" म्हटलं होतं. असा माणूस. मी त्याच्यावर जाम खूश होतो.

आणि आत्या. आत्याचं नाव सत्यशीला. सेल्स टॅक्समधून अधिकारी म्हणून रिटायर झाली. लग्न केलं नाही. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, आणि वर गच्चीवर तिची शेती. निळे प्लास्टिकचे ड्रम अर्धे कापून त्यात वांगी, चवळी, टोमॅटो, मिरची. तिने इथे घर घेतलं तेव्हा जिन्यात भेटणारा जो तो तिला आडनाव विचारायचा म्हणे. एकदा सांगितलं तरी पुन्हा विचारायचा, नीट ऐकू आलं नाही म्हणून. ती दरवेळी तेवढ्याच शांतपणे सांगायची. हे मला आमच्या जुन्या वांग्याने सांगितलं, ते तेव्हापासूनच्या मातीत होतं.

आता तीच सोसायटीची सेक्रेटरी आहे. पंप कोणी बंद करायचा इथपासून ते पोरीला आलेलं स्थळ कसं वाटतं इथपर्यंत सगळे तिलाच विचारतात. समोरच्या फ्लॅटमधले गोपाळकृष्ण काका, जे कोणालाच चांगलं म्हणत नाहीत, तेसुद्धा म्हणतात, "बाईंनी सांगितलं म्हणजे तसंच असणार. पुढची चर्चा चहाबरोबर करा." कारण आत्या खोटं बोलत नाही. बस. तिच्याकडे दुसरं काही भांडवल नव्हतंच या बिल्डिंगमध्ये.

आत्याला एक नाद होता. झाड संपलं, शेवटचं वांगं किंवा शेवटची शेंग काढून झाली, की ती ते फेकून द्यायची नाही. ड्रम आडवा करायची, माती हळूहळू मोकळी करायची, झाड अख्खं बाहेर घ्यायची आणि बादलीत त्याची मुळं धुवायची. मग जुन्या छत्रीचं काळं कापड गच्चीवर पसरून त्यावर ती मुळं फणीने विंचरल्यासारखी मांडायची. काळ्यावर पांढरं मूळ कसं उठून दिसतं. मग खाली बसून, चष्मा लावून बघायची.

"वरून झाड काहीही दाखवतं रे," अभयला सांगायची. "पानं हिरवीगार आणि आतून कारभार आटोपलेला. खरं काय ते खालीच कळतं."

चवळीच्या मुळांवर बारीक गाठी होत्या. तिने एक नखाने फोडली, आत गुलाबी. "ही चांगली गाठ. हिच्यातच खत तयार होतं." टोमॅटोच्या मुळांवरही गाठी होत्या, अभय लगेच म्हणाला, "अरे वा, इथेपण खत." तर ती हसली. "टोमॅटोला गाठ म्हणजे कीड. गाठ दिसली की शाबासकी देत सुटू नकोस. आधी कोणाची आहे ते बघ." ती माती तिने उन्हात टाकली, दुसऱ्या कुठल्या ड्रमात जाऊ दिली नाही.

मी श्रीखंडाच्या डब्यातून हे सगळं बघायचो. आधी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मग वाटायला लागलं, भारीच आहे की. आपलं सगळं देऊन झाल्यावर कोणीतरी एवढं मन लावून बघणार. माणसांचं तरी कोण बघतं असं. मी ठरवून टाकलं, माझी मुळं बघताना आत्या "वा" म्हणाली पाहिजे.

आता गच्चीचा नियम सांगतो, कारण सगळी भानगड तिथून आहे. दोन वर्षांपूर्वी गच्ची गळत होती, तेव्हा सगळ्या बिल्डिंगने वर्गणी काढून ती नव्याने करून घेतली. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची, चकाचक. त्यानंतर आत्यानेच मीटिंगमध्ये नियम पास केला: गच्चीला एकही भोक पाडायचं नाही. डिश असो, सोलर असो, दोरीचा खांब असो. तिचे स्वतःचे ड्रमसुद्धा विटांवर ठेवलेले, खालून वारा खेळता राहावा म्हणून.

तर झालं काय, अभयला घरी इंटरनेट पाहिजे होतं. फोनवरचं नाही, फास्टवालं. संध्याकाळी घरून अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलायचं, म्हणजे तो कंपनीत जरा वर जाणार. त्यासाठी गच्चीवर एक पोल आणि पोलवर अँटेनाची डबी. आत्याने परवानगी दिली. अट एकच, पोल रंगाच्या जुन्या डब्यात सिमेंट ओतून त्यात उभा करायचा. भोक नाही.

तसा केला. पण संध्याकाळचा वारा सुटला की पोल डुलायचा आणि नेट जायचं. अभय खाली धावायचा, वर धावायचा. "आय कॅन हिअर यू, कॅन यू हिअर मी?" हे वाक्य तर मलाही पाठ झालं होतं.

मग काकांच्या मुलीचं, तेजस्विनीचं लग्न आलं. काकांनी अख्ख्या बिल्डिंगला जेवायला बोलावलं होतं. पाटावर अक्षता, हातात आग्रहाची पत्रिका, सगळं रीतसर. सगळे गेले, आत्या पण नवी साडी नेसून गेली. अभय म्हणाला, मला ऑफिस आहे. आणि दुपारी तो कुठूनतरी ड्रिल मशीन घेऊन गच्चीवर आला. कठड्याला दोन तारा नुसत्याच बांधल्या, तिथे भोकाची गरज नव्हती. तिसरी तार मात्र अशा बाजूला पडत होती की तिथे कठडाच नाही. तिथे त्याने खाली गच्चीतच भोक पाडलं. काकांच्या बेडरूमच्या बरोबर वर. त्यात एक प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रूला पकड मिळावी म्हणून, त्यात हूक फिरवला आणि तार ताणून बांधली. पोल जागच्या जागी उभा.

म्हणजे बघा हं. काका तिकडे पाहुण्यांना जिलबी वाढतायत आणि हा इकडे त्यांच्या डोक्यावर भोक पाडतोय.

एकच भोक. तो स्वतःशीच म्हणाला पण, "एकच तर आहे."

मग त्याने एक ड्रम ओढत आणला, विटा मांडल्या, हूक बरोबर त्या विटांच्या मध्ये घेतला आणि ड्रम वर ठेवला. हूक दिसेनासा झाला. आणि त्या ड्रमात, त्याच दिवशी, मला लावलं.

मला वाटलं प्रमोशन. खरंच सांगतो. डब्यातून थेट ड्रममध्ये, ताजं शेणखत, नारळाच्या शेंड्या, आणि चढायला तयार तार. मला काय माहीत मी झाकण आहे.

संध्याकाळी आत्या वर आली, तारेला टेकवलेला मी बघितला आणि म्हणाली, "हे छान सुचलं तुला. नेटपण चालेल आणि वेलपण चढेल." अभय म्हणाला, "हो ना." एवढंच. हो ना.

मी चढलो. काय चढलो म्हणून सांगू. मार्च संपेपर्यंत तार संपवून पोलला हात घातला. पिवळी फुलं आली. समोरच्या शैलाकाकू, म्हणजे गोपाळकृष्ण काकांच्या बायको, कपडे वाळत घालायला आल्या की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "पहिलं घोसाळं लागलं की भजी माझ्याकडे हं सत्यशीलाबाई. पिठात ओवा मी घालणार, तुम्ही नाही." मला लाजल्यासारखं व्हायचं.

आणि खाली माझी मुळं. ड्रम मोठा होता पण उन्हाळा सुरू झालेला, दुपारी प्लास्टिक तापायचं, कडेची मुळं भाजायची. तळाला पाणी जायला भोकं होती, तिथून गारवा यायचा. रोज सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी आलं की पंप चालू व्हायचा, आणि तो वेळेत बंद करायची पाळी ज्याची असेल तो नेमका विसरायचा. टाकी भरून वाहायची. ते पाणी उतारावरून माझ्या विटांखालून जायचं. माझं एक मूळ तळाच्या भोकातून बाहेर आलं, विटांमध्ये साचलेल्या धुळीतून पुढे गेलं, पाण्याच्या मागे मागे. तर तिथे तो हूक, आणि हुकाच्या कडेने पाणी खाली मुरत होतं. मी पण गेलो त्याच्या मागे. मूळ अजून काय करणार? पाणी ज्या वाटेने जातं त्या वाटेने जातं. वाट पाडायची ताकद घोसाळ्यात असती तर आम्ही पिंपळ नसतो का झालो.

मे महिन्यात काकांच्या बेडरूमचं छत ठिबकायला लागलं.

काका जिना चढून स्वतः गच्चीवर आले. "सत्यशीलाबाई, बाहेर पाऊस आहे का हो?"

"नाही. का?"

"नाही, रोज सकाळी माझ्या डोक्यावर थेंब पडतो. बायको म्हणते पिंडीवरचं गळतं पात्र आपल्याकडेच बसवलंय. मला महादेव व्हायची हौस नाही. साधा पेन्शनर आहे मी."

आता पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून? टाकीचं पाणी वाहतं हे सगळ्यांना माहीत, पण ते तर वर्षानुवर्षं वाहतंय आणि नवीन गच्चीतून कधी गळलं नाही. मग नवीन काय? पोल तर सिमेंटच्या डब्यात उभा. राहिली यंदाची झाडं. काकांनी घरात टेप लावून भिंतीपासून अंतर मोजलं, गच्चीवर येऊन तेवढंच मोजलं, आणि टेप येऊन थांबली माझ्या ड्रमपाशी.

"पिंपळ भिंत फोडतो की नाही?" काका म्हणाले. "मग हा कोण आहे?"

"घोसाळं आहे ते काका," आत्या म्हणाली.

"तेच. भाजी म्हणून आत घ्यायचं आणि घर पाडायचं."

आत्या चिडली नाही. तिला खात्रीच होती ना. ती म्हणाली, "रविवारी सगळ्यांसमोर मी याची मुळं काढून दाखवते. एक जरी मूळ गच्चीत शिरलेलं निघालं तर माझे सगळे ड्रम त्याच दिवशी खाली. आणि नाही निघालं तर पुन्हा कोणी झाडांचं नाव घ्यायचं नाही."

काका म्हणाले, "कबूल. बघा तुम्हीच आणि सांगा पण तुम्हीच. आम्हाला त्यातलं काय कळतंय. तुमचा शब्द शेवटचा."

त्या संध्याकाळी तिने माझ्या पानांवरून हात फिरवला. "घाबरू नको. मुळासकट काढते आणि मुळासकट परत लावते. काही होणार नाही तुला."

मी कशाला घाबरू? मी तर खूश. आत्या माझी मुळं बघणार, तीही आधीच, फळ धरायच्या दिवसांत. ती बघेल, तिला हूक दिसेल, झालं. विषय संपला.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या घरांतून टीव्हीवरच्या मालिकांचे आवाज येत होते तेव्हा अभय वर आला. टोस्ट नव्हता. "उठलास का" नाही, काही नाही. ड्रम तिरपा केला, विटांमध्ये हात घातला, तार सोडली आणि हूक फिरवून काढला. तार ड्रमच्या कडीला बांधून टाकली, जशी काय पहिल्यापासून तिथेच होती. गिट्टी निघेना. तिच्यात मी होतो. माझं मूळ तिच्या आत शिरून खाली उतरलं होतं.

त्याने ते बघितलं. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं, अगदी वाकून. बारीकातली बारीक चूक सापडते त्याला. त्याला कळलं की उद्या हे मूळ या भोकात सापडलं तर लोक काय म्हणतील. मला वाटलं आता तो मूळ ओढेल, निदान तोडेल तरी. मी म्हटलं तोड, चालेल मला, एक मूळ गेलं तर गेलं.

त्याने हूक खिशात टाकला आणि ड्रम सरळ ठेवला. मला तिथेच राहू दिलं. हे त्याला सोयीचं होतं.

रविवारी सकाळी सगळे जमले. शैलाकाकू खुर्ची घेऊन आल्या. काकांनी टोपी घातली होती, कोर्टात आल्यासारखी. अभय पाठीमागे, टाकीला टेकून. आत्याने पदर खोचला, छत्रीचं काळं कापड पसरलं, ड्रम आडवा केला. माती सुटली. तिची बोटं आत शिरली आणि खरं सांगतो, एक मूळ दुखलं नाही. ड्रमात माझी मुळं गोल गोल फिरून घट्ट झाली होती, ती तिने एकेक करून सोडवली. तळाशी आली आणि थांबली.

"एक बाहेर गेलंय," ती म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसली. विटा बाजूला केल्या. माझं ते मूळ धुळीतून सरळ जाऊन गच्चीत शिरलेलं सगळ्यांना दिसलं.

"घ्या," काका हळूच म्हणाले. त्यांना आनंद वगैरे नाही झाला. त्यांना बहुतेक हरायलाच आवडलं असतं.

शैलाकाकू म्हणाल्या, "अगं बाई. एवढंसं मूळ आणि सिमेंट फोडलं?"

 आत्याने भोकाभोवतीचा चिखल बोटाने काढला. मग हळू, फार हळू, ते मूळ वर घेतलं. तुटू दिलं नाही. शेवटच्या पांढऱ्या टोकापर्यंत अख्खं आलं, आणि त्याच्याबरोबर, अंगठीसारखी अडकून, ती प्लास्टिकची गिट्टी.

तिची पाठ सगळ्यांकडे होती. गिट्टी फक्त तिला दिसली. आणि मला.

तिने भोक बघितलं, कसं गोल गरगरीत आहे ते. तार बघितली, वर पोल बघितला. मग मान वळवून अभयकडे बघितलं. अभय स्वतःच्या चपलेकडे बघत होता.

मी मनातल्या मनात ओरडत होतो. बोल आत्या. दाखव ना. नुसता हात उघड. गाठ दिसली की आधी कोणाची आहे ते बघ, असं तूच म्हणाली होतीस.

"काय झालं बाई?" काकांनी विचारलं. "काय म्हणतायत मुळं?"

आत्याने गिट्टी माझ्या मुळावरून ओढून मुठीत घेतली. उठली. साडीवरची माती झटकली.

"मुळंच आहेत," ती म्हणाली. "यानेच भोक पाडलंय. माझी चूक झाली. आज सगळे ड्रम खाली जातील."

कोणी काही विचारलं नाही. सत्यशीलाबाईंनी सांगितलं म्हणजे तसंच असणार. काका उलट म्हणाले, "अहो, एवढं काय त्यात. दोन-चार कुंड्या ठेवा की." ती म्हणाली, "नाही काका, शब्द दिला होता."

संध्याकाळपर्यंत गच्ची रिकामी. वांगी, मिरच्या, सगळे. काही गावाला धाडले, काही बागेतल्या माळ्याला दिले, बरेचसे घंटागाडीत. अभयनेच उचलून नेले सगळे ड्रम, घामाघूम होऊन. भोक बुजवायचं कामही त्याने अंगावर घेतलं, येत्या रविवारी सिमेंट भरतो म्हणाला. मला मात्र आत्याने या बादलीत आणून ठेवलं. परत लावायला माती उरली नव्हती, आणि फेकायला बहुतेक हात धजला नाही.

त्या दिवशी जेवताना तिने अभयच्या ताटाशेजारी एका वाटीत ती गिट्टी ठेवली. भाजीच्या वाटीसारखी. बाल्कनीच्या दारातून मला सगळं दिसत होतं.

अभयने ती बघितली. बराच वेळ पोळीचा तुकडा नुसता फिरवत बसला.

"सॉरी आत्या. मी सांगणार होतो. पण ते सगळे... तूच नियम केलेला आणि तुझ्याच घरातलं... लोक तुला बोलले असते."

"आपण भात घेणार का?" आत्याने विचारलं.

"आत्या, असं काय बोलतेस?"

"वरण गरम करते आपल्यासाठी," ती म्हणाली आणि उठून गेली.

मला तिचं कळतं, असं मी म्हणणार होतो. इतकी वर्षं जिन्यात पुन्हा पुन्हा आडनाव सांगून तिने जे मिळवलं ते एका भोकातून गळून जाईल, याची भीती वाटली असेल. पोराला या लोकांसमोर उभं करवलं नसेल. कळतं मला. पण मग मी कोण? ज्याने मला ओट्यावरून उचललं त्याने मला झाकण केलं, आणि जिला मुळं वाचता येतात तिने वाचून खोटं सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

रविवार आला आणि गेला. अभयचं काहीतरी रिलीज होतं, तो ऑफिसला गेला. भोक तसंच आहे. टाकी रोज वाहते.

आज सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात पातेलं नाही, काही नाही, नुसता ओला टॉवेल खांद्यावर.

"सत्यशीलाबाई, तक्रार करायला नाही आलो. झाडं गेली, तुम्ही शब्द पाळलात. पण थेंब काही जायला तयार नाही. अभय, ते भोक बुजवलंस ना रे?"

अभय बूट घालत होता. "हो काका."

"मग पाणी कसं येतंय?"

 खाली कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. अभयने लेस बांधली, सोडली, परत बांधली. मला वाटलं आता बोलतोय. आत्यालाही वाटलं असणार, कारण ती त्याच्याकडे बघत थांबली होती. चांगली थांबली होती.

तो बॅग उचलून जिना उतरून गेला.

तेव्हा आत्या म्हणाली, "एखादं मूळ राहिलं असेल आत, काका."

"असेल, असेल," काका म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल." आणि गेले बिचारे टॉवेल सावरत.

ती आत आली. आत्ता इथेच उभी आहे, बाल्कनीच्या दारात, माझ्याकडे पाठ करून. पाणी बदलायला आली असावी, पण बादलीला हात लावत नाहीये.

आत्या, जरा वळ ना. मला परत लावू नकोस, त्याची वेळ गेली, पानं बघतेच आहेस. भजी पण नकोत कोणाला. फक्त ते काळं कापड आण, मला त्यावर ठेव आणि काकांना हाक मार. चष्मा लाव. हे मधलं जाड मूळ, या आजूबाजूच्या जटा, आणि हे ते एक, लांब, जे बाहेर गेलं होतं. टोक बघ त्याचं. पांढरं आहे, अख्खं आहे. तूच काढलंस, आणि तुझ्या हातून मूळ तुटत नाही.

माझं एकही मूळ वर त्या भोकात राहिलेलं नाही.